खिशात मावणाऱ्या ओपन सोर्स कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर कोणत्या कंपनीचा घ्यावा?

पुण्यात चौघे मित्र मिळून खिशात मावेल असा, कीबोर्ड असलेला लिनक्स कॉम्प्युटर बनवताय, आराखड्यासकट सगळं खुलं ठेवणार आहात आणि पहिला लॉट ५०० नगांचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. एका मित्राचा ओढा रॉकचिपच्या आरके३५८८कडे, दुसऱ्याचा फोनमधल्या क्वालकॉमच्या चिपकडे, आणि कोणत्या कंपनीचा हात धरावा हा तुमचा प्रश्न.

माझी सतरा वर्षं हातात धरायची यंत्रं बनवण्यात गेली आहेत. तिकिटाची मशिन्स, मीटर रीडिंगची मशिन्स, असली. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम६२५ घ्या, आणि तो मुख्य बोर्डावर न बसवता वेगळ्या छोट्या बोर्डावर बसवा. वेगात तो आरके३५८८च्या आसपासही नाही, हे धरूनच सांगतोय.

तुमच्याआधी अगदी असंच यंत्र बनवणाऱ्यांचं काय झालं ते बघा. पँडोरा नावाचा कीबोर्डवाला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचा कॉम्प्युटर होता. २००८ साली त्याचं आगाऊ बुकिंग सुरू झालं आणि यंत्रं लोकांच्या हातात पडायला २०१० उजाडलं. आत टेक्सासचाच ओमॅप३५३०, ६०० मेगाहर्ट्झचा. निवड चांगली होती, कारण २००८मध्येच बीगलबोर्ड हा प्रयोगांसाठीचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड बाजारात आला आणि त्यावरही हीच चिप होती. म्हणजे पँडोराचं यंत्र तयार होण्याआधीच जगभरच्या कितीतरी टेबलांवर तोच प्रोसेसर चालू होता. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, चुका कोणीतरी आधीच शोधून दुरुस्त केलेल्या असायच्या. छोट्या टोळीला याहून मोठा आधार नसतो.

दुखणं निघालं ग्राफिक्समध्ये. चिपमधला पॉवरव्हीआर एसजीएक्स हा भाग इमॅजिनेशन कंपनीचा, आणि त्याचा ड्रायव्हर बंद. सोर्स कोड नाही, नुसती बायनरी, आणि ती ठरावीक कर्नलशी जखडलेली. कर्नल पुढे न्यायचा म्हटलं की ग्राफिक्स मागे राहणार. वर २०१२मध्ये टेक्सासने मोबाइलसाठीच्या ओमॅपमधून अंग काढून घेतलं. पँडोराच्या पुढच्या पिढीत, पायरामध्ये, ओमॅप५ होता आणि त्याचं बुकिंग २०१६मध्ये सुरू झालं. म्हणजे ज्या घराण्याला पुढे वारसच नाही, त्यातली चिप घेऊन नवं यंत्र उभं करायचं होतं. त्या माणसांनी ते नेटाने उभं केलं, याचा मला फार आदर वाटतो.

मग त्याच कंपनीचं नाव मी का घेतोय? एएम६२५ फोनवाल्यांसाठी काढलेला नाही. तो कारखान्यांतल्या पॅनेलसाठी, मीटरसाठी, यंत्रसामग्रीसाठी आहे, आणि तिथलं गिऱ्हाईक एकच चिप दहा-दहा वर्षं मागतं. त्याचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल हजारो पानांचं आहे आणि कुठलाही करार न करता उतरवून घेता येतं. त्यातलं ग्राफिक्स पुन्हा इमॅजिनेशनचंच आहे, पण आता ती कंपनी स्वतः खुला ड्रायव्हर लिहिते. त्याचा कर्नलमधला भाग २०२४ साली लिनक्स ६.८मध्ये दाखल झाला. पँडोराला जो काटा टोचत राहिला, तो निघायला सोळा वर्षं लागली. शिवाय बीगलप्ले हा बोर्ड २०२३पासून मिळतोय, त्यावर हीच चिप आहे आणि त्याचा आराखडा खुला आहे.

फोनच्या चिपबद्दल तुमच्या मित्राला एवढंच सांगा की कर्नलमध्ये आधार असणं वेगळं आणि ५०० नग रीतसर बिलासह हातात पडणं वेगळं. क्वालकॉमच्या ॲड्रिनो ग्राफिक्ससाठी फ्रीड्रिनो हा खुला ड्रायव्हर आहे आणि तो उत्तम आहे. पण फोनची चिप लाखांच्या ऑर्डरींसाठी आखलेली असते आणि फोनचं मॉडेल बदललं की तीही बदलते.

पुरवठ्यावर मी एवढा का अडून बसतो, ते सांगतो. २०२१च्या टंचाईत आमच्या एका प्रोसेसरला डिस्ट्रिब्युटरने ५२ आठवड्यांची मुदत दिली. ऑर्डर तर अंगावर होती, म्हणून मालकांनी एका व्यापाऱ्याकडून ३०० नग उचलले. रात्री अकराला पाकीट कापलं. आत ओलावा दाखवणारं कार्ड असतं, त्यावरचे ठिपके निळे असायला हवेत. सगळे गुलाबी झालेले. मी कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एका चिपची पाठ पुसली. बोळा राखाडी झाला आणि खालून दुसराच डेट कोड, म्हणजे बनावटीची तारीख, वर आला. जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या, खाली सोल्डरचे नवे गोळे लावून पाठ रंगवलेल्या चिप्स होत्या त्या. ३००पैकी ४१ चालल्या. त्या महिन्यात असेंब्लीवरच्या सहा मुलींना काम नव्हतं, आणि ते मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून पहिला प्रश्न मी गिगाहर्ट्झचा विचारत नाही. पाच वर्षांनी हीच चिप, याच पॅकेजमध्ये, अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडे असेल का, हे विचारतो.

एएम६२५च्या उणिवाही आधीच ऐकून ठेवा. व्हिडिओ डिकोडर नाही, म्हणून सिनेमे बघायचं यंत्र म्हणून ते विकू नका. स्क्रीन जोडायच्या पद्धतींपैकी समांतर आरजीबी आणि एलव्हीडीएस आहे, डीएसआय नाही. फोनचे स्वस्त आणि सुंदर पडदे बहुतेक डीएसआयचेच असतात. तेव्हा एकतर आरजीबी किंवा एलव्हीडीएसचा पडदा शोधा, नाहीतर मध्ये एका पद्धतीचा सिग्नल दुसरीत बदलणारी ब्रिज चिप घाला. ती बॅटरीही खाईल आणि जागाही. म्हणून प्रोसेसरच्या आधी पडदा पक्का करा. डीएसआयच हवं असेल तर एसटी या चिप कंपनीचा एसटीएम३२एमपी१५७ बघा: कागदपत्रं उघडी, दहा वर्षांच्या पुरवठ्याची हमी, ग्राफिक्सला एटनाव्हिव्ह हा खुला ड्रायव्हर. पण दोनच कोअर, तेही कॉर्टेक्स ए७. ब्राउझर उघडला की जीव मेटाकुटीला येतो.

आणखी एक. तुमच्या वेबसाइटवर 'शंभर टक्के खुलं' असं लिहू नका. एएम६२मध्ये सुरुवातीला टेक्सासचं डिजिटल सही केलेलं बंद फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) चढवावंच लागतं. एनएक्सपी कंपनीच्या आय.एमएक्स८एम चिपमध्ये मेमरी जुळवण्याचं फर्मवेअर बंद आहे, आरके३५८८मध्येही मेमरी सुरू करणारी बायनरी रॉकचिपचीच घ्यावी लागते. ऑलविनर कंपनीचा ए६४ मात्र पूर्ण खुल्या कोडवर बूट होतो, आणि त्याचं श्रेय ऑलविनरच्या चिप्सवर काम करणाऱ्या सनशी समुदायाने वर्षानुवर्षं केलेल्या कामाला आहे. पाइनफोन या लिनक्स फोनमध्ये तोच आहे. त्या फोनची बॅटरी सुसह्य झाली ती क्रस्ट नावाच्या फर्मवेअरमुळे. चिपच्या कोपऱ्यात एक छोटा ओपनरिस्क कोअर आहे, मुख्य कोअर झोपले की हा पहारा देतो. त्याच्यासाठीचं हे फर्मवेअर कंपनीने दिलेलं नाही, समुदायाने लिहिलं. हँडहेल्डचा जीव या झोपेत असतो. खिशात टाकलेलं यंत्र संध्याकाळी काढलं आणि ते मेलेलं असलं, की माणूस ते परत खिशात टाकत नाही.

प्रत्येक चिपमध्ये असं काहीतरी उणं निघतंच, आणि उद्या ती बदलता यावी म्हणून वेगळ्या बोर्डाचा आग्रह. पायरामध्ये प्रोसेसर वेगळ्या बोर्डावर आहे. एमएनटी रिफॉर्ममध्ये तर आधी एनएक्सपीचं मॉड्यूल होतं, आता त्याच लॅपटॉपमध्ये आरके३५८८चं बसतं. म्हणजे तुमच्या पहिल्या मित्राचं मन मोडायची गरज नाही. आरके३५८८च्या ग्राफिक्सचा पँथॉर ड्रायव्हर लिनक्स ६.१०पासून कर्नलमध्ये आहे, उष्णतेचा बंदोबस्त जमला की दुसऱ्या लॉटला त्याचं मॉड्यूल काढा. जास्त थरांचा महागडा पीसीबी तेवढ्या छोट्या बोर्डापुरताच लागेल. कीबोर्ड, चार्जिंग, आवाज यांचा मुख्य बोर्ड चार थरांत निघेल आणि प्रोसेसर बदलला तरी तोच राहील.

आपल्याकडची चिप का नको, असंही कोणीतरी विचारेल. सी-डॅकचा तेजस३२ हातात घेऊन बघण्यासारखा आहे, त्यावरचा एरिज बोर्ड मी वापरलाय. पण तो १०० मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर आहे आणि त्यात २५६ किलोबाइट मेमरी आहे. डेस्कटॉप लिनक्स त्यावर चालणार नाही. कीबोर्ड आणि बॅटरी सांभाळायला मात्र मुख्य बोर्डावर तो बसवून बघा. मला ते मनापासून आवडेल.

आता या आठवड्यात काय करायचं ते. एक बीगलप्ले मागवा. मॅन्युअलमधले डिस्प्लेचे आणि पॉवरचे अध्याय चौघांनी वाटून घ्या आणि खरंच वाचा. बोर्डाला झोपवा आणि सप्लायला मल्टिमीटर लावून करंट मोजा, आकडा वहीत लिहा. त्याच दिवशी अधिकृत डिस्ट्रिब्युटरला ५०० नगांचा भाव, मुदत आणि उत्पादन बंद होण्याची नोटीस किती आधी मिळते, हे विचारणारी ईमेल टाका. उत्तर यायला किती दिवस लागले, तेही वहीत लिहा. आणि पडद्याचा पार्ट नंबर इथेच कळवा, ब्रिज लागेल की नाही ते डेटाशीट बघून सांगतो.