सिनियर ७० टक्के मागतोय, जाऊ का त्याच्याकडे?

तू विचारलंयस की रेरा नंबर, म्हणजे एजंट म्हणून सरकारी नोंदणी, मिळून सहा महिने झाले, आता कोथरूडमधला एक जुना ब्रोकर म्हणतो माझ्याबरोबर फिर, शिकवतो, पण ब्रोकरेजचे ७० टक्के माझे, तर जावं का. आणि दुसरं, ज्या एजंटला विश्वासाने फ्लॅटची माहिती दिलीस तो परस्पर मालकाला जाऊन भेटला. अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे.

७० टक्क्यांवर अडून बसू नकोस. त्याला एवढंच विचार की टोकनच्या, म्हणजे बयाणा देण्या-घेण्याच्या वेळी मला शेजारी बसवणार का. हो म्हणाला तर जा. नुसती किल्ली हातात देऊन फ्लॅट दाखवून ये म्हणणार असेल तर मग ५०-५० पण महागच, ते काम सोसायटीचा वॉचमन पण करतो.

माझ्या सिनियरने मला पहिली दोन वर्षं २५ टक्केच दिले. मी मनातल्या मनात शिव्या घालायचो. मग सिंहगड रोडच्या एका टूबीएचकेची रिसेल आली, रेट ठरला, घेणारा चेकबुक काढून बसलेला, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर विकणाऱ्याचं नाव, सगळं ओके. आमचे साहेब चहा पिता पिता सहज विचारतात, वडील कधी गेले तुमचे? मग कळलं की फ्लॅट मुळात वडिलांचा, याचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय, आणि आई आहे, लग्न झालेली बहीण पण आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकी वारसांचं हक्कसोडपत्र रजिस्टर झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, असं सांगून साहेबांनी चेक परत खिशात ठेवायला लावला. माझं डोकंच फिरलं, कारण त्या २५ टक्क्यांत माझ्या गाडीचे थकलेले हप्ते जाणार होते. अडीच महिन्यांनी तोच सौदा झाला, बहिणीने आधी कुरकूर केली, मग सही केली, बँकेनेही लोनला एक शंका काढली नाही. आणि घेणाऱ्या माणसाने पुढे त्याच्या दोन मेहुण्यांना आमच्याकडे पाठवलं.

आता तुम्हा लोकांना २० तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा आहे, चांगलंच आहे, आमच्या वेळी तेवढंही नव्हतं. पण वडील कधी गेले हा प्रश्न कुणालाही न दुखावता, चेक लिहायच्या आधी कसा काढायचा हे शेजारी बसूनच कळतं. तसंच मालक अमेरिकेत आणि मुखत्यारपत्र भावाकडे असलं की काय काय बघायचं तेही. ५० लाख किंवा त्याच्या वर १ टक्का टीडीएस हे सगळ्यांना पाठ असतं, पण विकणारा एनआरआय असेल तर ते १ टक्क्याचं गणित लागूच होत नाही, तिथं पार्टीला आधी सीएकडे पाठवायचं. हे मी एका सौद्यात तोंडावर आपटून शिकलो, तेव्हा सिनियर सोबत नव्हते.

आता परस्पर जाण्याचं. सगळ्यांचंच होतं रे. मी एकाला विंग आणि फ्लॅट नंबरसकट फोटो पाठवले होते, तो संध्याकाळी मालकाच्या दारात, माझं २२ हजाराचं ब्रोकरेज गेलं. भांडलो, तर म्हणे मालक माझ्या ओळखीचाच आहे. बोलणार काय, माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. तेव्हापासून एरिया, मजला, कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) आणि किंमत एवढंच देतो. पार्टी कोण ते कळल्याशिवाय फ्लॅट नंबर नाही. व्हिजिटच्या आधी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकतो, तुमच्या पार्टीचं नाव अमुक, मोबाईलचे शेवटचे चार आकडे अमुक, फ्लॅट माझ्याकडून, साईड बाय साईड, आणि समोरून ओके येईपर्यंत किल्ली काढत नाही. साईड बाय साईड म्हणजे तू तुझ्या पार्टीकडून घे, मी माझ्या मालकाकडून घेतो, एकमेकांच्या खिशात हात नाही. मध्ये तिसरा-चौथा ब्रोकर असेल तर कोणाचा वाटा किती हेही त्याच मेसेजमध्ये. लांबलचक चेन असली की मी सरळ सोडून देतो, अशा सौद्यात शेवटी चहाचेच पैसे सुटतात.

बिल्डरच्या नव्या प्रोजेक्टला हा ताप वेगळा असतो, तिथं लीड टॅगिंगवर सगळं, म्हणजे ही पार्टी आपली अशी बिल्डरकडे आधी नोंद करायची. साइटवर जायच्या आधी टॅग करून घे आणि तो किती दिवस चालतो ते विचारून घे, नाहीतर पार्टी महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्याबरोबर जाते आणि तू बघत बसतोस. आणि कोणी कितीही जास्त टक्के देऊ दे, प्रोजेक्टचा रेरा नंबर नसेल तर हात लावायचा नाही, दंड एजंटलाही लागतो, तिथं सिनियर कामी येत नाही.

हो, एक राहिलं. त्या कोथरूडवाल्याकडे रिसेल जास्त आहे का भाड्याचीच कामं जास्त ते आधी काढ. नुसतं भाडंच असेल तर लिव्ह लायसन्स म्हणजे भाडेकरार, त्याचं बायोमेट्रिक, पोलिस व्हेरिफिकेशन हे दोन महिन्यांत शिकून होतं, त्याला ७० टक्के कशाला द्यायचे. रिसेल असेल तर मात्र वर्षभर बस.