‘मी कुठे पडलेय?’

प्रश्न: आईचं वय ७४. अजून पडलेली नाही, पण उठताना भिंतीला हात लावते. तोल तपासून घेऊ म्हटलं की म्हणते, ‘ते म्हाताऱ्यांसाठी. मी कुठे पडलेय?’ मग लोक या तपासणीला जातात तरी का? आणि तिथे करतात काय?

उत्तर: येणाऱ्याच्या मागे बहुधा एखादा थोडक्यात निभावलेला प्रसंग असतो. बाथरूममधून निघताना तोल गेला, दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचले. किंवा नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. मुलांनी दहादा सांगण्यापेक्षा त्याला वजन जास्त. पण आतलं कारण एकच, कुणावर अवलंबून राहायचं नसतं. गंमत म्हणजे न येणाऱ्यांचंही तेच! हातात काठी देतील, एकटीला बाहेर सोडणार नाहीत, ही धास्ती. म्हणून आईपुढे ‘पडणं’ हा शब्दच काढू नका. ‘उठताना आधार का लागतो ते बघून येऊ’ म्हणा.

तिथे खुर्चीवरून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. वेळेइतकंच वळण बघण्यासारखं असतं: सरळ वळते, की बारीक पावलं टाकत चाचपडते? मग हातांची घडी छातीशी ठेवून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठून बसता येतं ते मोजतात. हाताचा रेटा चालत नाही, त्यामुळे भिंतीच्या आधारामागे लपलेला मांड्यांचा अशक्तपणा इथे उघडा पडतो. शिवाय एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद उभं राहायचं.

रक्तदाब आधी ५ मिनिटं आडवं झाल्यावर आणि मग उभं राहून १ व ३ मिनिटांनी घ्यायला हवा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी का येते ते कळतं. नुसता बसून घेतलेला रक्तदाब हे दाखवत नाही.

गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका, पाकिटंच न्या. झोपेच्या आणि स्वतःच्या मनानं घेतलेल्याही. काही बदलायचं ते डॉक्टर ठरवतील, घरी परस्पर बंद करू नका. रोजच्या चपला आणि चश्माही न्या. तपासणीला लोक नवे बूट घालून येतात, आणि घरी वावरतात झिजलेल्या सपातांत. दुहेरी भिंगाच्या चश्म्यातून खाली बघितलं की पायरीची कड धूसर दिसते, तेही आवर्जून सांगा.