साल्वादोर सांचेझ आणि युसेबियो पेद्रोझा हे बॉक्सर लढले असते तर कोण जिंकलं असतं?

सांचेझ, गुणांवर, म्हणजे पंचांच्या निकालाने. तुम्ही पुढे विचारलंय, "आठव्या फेरीपर्यंत झोपवेल का?" म्हणजे नॉकआउट करेल का, तर नाही. जगज्जेता झाल्यावर पेद्रोझाला फेदरवेटमध्ये, म्हणजे साधारण सत्तावन्न किलोंच्या गटात, कोणी झोपवलं नाही. १९८५ साली लंडनमध्ये बॅरी मॅकग्विगनने त्याची गादी घेतली तीसुद्धा गुणांवर, सातव्या फेरीत त्याला एकदा खाली पाडून. १९७६ मध्ये अल्फोन्सो झामोराने त्याला दुसऱ्याच फेरीत बाद केलं होतं खरं, पण ते बँटमवेटला, साडेत्रेपन्न किलोत. एवढा उंच माणूस त्या वजनात कोंबला तर दुसरं काय होणार?

लढत झाली नाही, पण होण्यासारखी होती. पनामाचा पेद्रोझा एप्रिल १९७८ पासून वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा विजेता, मेक्सिकोचा सांचेझ फेब्रुवारी १९८० पासून वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा. अडीच वर्षं दोघंही एकाच वजनात 'जगज्जेता' म्हणून मिरवत होते. आपल्या पुण्यात मानाच्या गणपतींचा क्रम तरी ठरलेला आहे, तिथे दोघांचाही नंबर पहिला. मग १२ ऑगस्ट १९८२ ला सांचेझ मोटार अपघातात गेला, वयाच्या २३ व्या वर्षी, आणि विषयच संपला.

अशा वेळी लोक दोघांचे समान प्रतिस्पर्धी काढून बसतात. गयानाचा पॅट्रिक फोर्ड सांचेझविरुद्ध १९८० मध्ये पूर्ण १५ फेऱ्या टिकला, एका पंचाने तर बरोबरी दिली. पुढच्याच वर्षी पेद्रोझाने त्याला तेराव्या फेरीत बाद केलं. म्हणजे पेद्रोझा भारी? मग हुआन लापोर्ते घ्या. सांचेझने त्याला स्वच्छ हरवलं. पेद्रोझाही जिंकला, पण पट्ट्याखाली इतके ठोसे मारून की लोक अजून त्या निकालावर भांडतात. अमक्याने तमक्याला पाडलं म्हणून तो मोठा, हा हिशोब कुस्तीच्या फडातही चालत नाही. बॉक्सिंगमध्ये तर नाहीच.

मी निकालापेक्षा सांचेझला त्रास कोणी दिला ते बघतो. डॅनी लोपेझ, विल्फ्रेडो गोमेझ, अझुमा नेल्सन, तिघंही अंगावर येणारे, आणि तिघांनाही त्याने थांबवलं. गोमेझ १९८१ मध्ये लास वेगासला आला तेव्हा त्याच्या नावावर ३२ विजय होते, ३२ च्या ३२ नॉकआउट. सांचेझने त्याला पहिल्याच फेरीत पाडलं आणि आठव्यात संपवलं. समोरचा आत शिरला की सांचेझचा काउंटर, म्हणजे उलटा ठोसा, तयारच असायचा. पण फोर्ड आणि इंग्लंडचा पॅट काउडेल अंतर राखून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, टाकत राहिले, आणि तिथे गाडी अडली. काउडेलला शेवटच्या फेरीत पाडूनही तीनपैकी एक पंच सांचेझच्या विरोधात गेला.

पेद्रोझा उंच, हात लांब, जॅब उत्तम. तो १५ फेऱ्या लांबूनच लढला असता तर मी माझा अंदाज बदलला असता. पण त्याला ते जमायचं नाही. दहाव्या फेरीनंतर समोरचा दमला की तो आत घुसायचा, खांद्याने रेटायचा, मूत्रपिंडावर मारायचा, कोपर 'चुकून' लागायचं. एकोणीस वेळा त्याने किताब राखला, त्यातली एक लढत थेट पापुआ न्यू गिनीत. त्यातल्या कितीतरी त्याने अशाच शेवटच्या फेऱ्यांत ओढून नेल्या. फक्त, सांचेझ दमायचा नाही. लोपेझला त्याने तेराव्या आणि मग चौदाव्या फेरीत थांबवलं, नेल्सनला पंधराव्या. म्हणजे पेद्रोझा ज्या वेळी आत येणार, नेमक्या त्याच वेळी सांचेझ सगळ्यात धोकादायक.

पंधरा फेऱ्या म्हणजे काय, हे टीव्हीवर कळत नाही. मी खडकीत एका पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकलो. आमच्या लढती तीन फेऱ्यांच्या. तिसऱ्या फेरीत हात शिशाचे व्हायचे, गार्ड आपोआप छातीपर्यंत यायचा आणि आमचे सर बाहेरून ओरडायचे, "हनुवटी देतोयस का त्याला भेट म्हणून?" याच्या पाचपट वेळ पेद्रोझाची कोपरं खात डोकं थंड ठेवायचं!

तर माझ्या डोळ्यांसमोरची लढत अशी. सातव्या फेरीपर्यंत पेद्रोझा एक-दोन गुणांनी पुढे. नवव्या-दहाव्यापासून तो आत, सांचेझचा उजवा हात बरगड्यांवर आणि मग वर. बाराव्या फेरीच्या आसपास पेद्रोझा एकदा गुडघ्यावर, पण उठणार. शेवटी सांचेझच्या बाजूने ८-६ फेऱ्या, एक फेरी बरोबरीची.

रेफ्री कडक असेल तर फरक वाढेल, कारण पट्ट्याखालच्या ठोशांचे गुण कापले जातील. लढत पनामा सिटीत ठेवली तर मात्र मी पैज लावत नाही.

हा वाद रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर एका मित्राशी नेहमी होतो. त्याच्या गुणपत्रिकेवर पेद्रोझा एका गुणाने जिंकतो. गेल्या रविवारी चढताना तो सांचेझ म्हणत होता, उतरताना पेद्रोझावर आला.