रत्नागिरीहून चार आणि सात वर्षांच्या मुलांना वाघ दाखवायला कुठे न्यावं? मे महिना चालेल का?

ताडोबाला न्या, पण मे नको. पाणवठ्यांवर वाघ जास्त दिसतात ते उन्हाळ्यातच, पण ताडोबात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि फेरीची जिप्सी गाडी उघडी. आपल्याकडे घामाने शर्ट भिजला की मूल तापलंय हे कळतं. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम अंगावरच सुकतो, मूल कोरडं दिसतं आणि बघता बघता मलूल होतं. दुसरी सुट्टीच नसेल तर फक्त सकाळची फेरी घ्या आणि मागितलं नाही तरी दर वीस मिनिटांनी दोन घोट ओआरएस पाजत राहा.

मी धाकट्याकडे बघून जानेवारी-फेब्रुवारी धरेन. दिवाळीत हवा छान असते, पण गवत उंच; दहा फुटांवरचा वाघही दिसत नाही. थंडीत मात्र दुपारची फेरी घ्या. पहाटे आठ-दहा अंश आणि वर धावत्या गाडीचा वारा, हे किनाऱ्यावरच्या मुलांनी कधी अनुभवलेलं नसतं. घरातला एकुलता एक स्वेटर पुरत नाही. कानटोपी, पायमोजे आणि पांघरायला जाड चादर हवीच, कारण दुपारची फेरीही संपेपर्यंत गारठते. दिवसाला एकच फेरी. चार तासांच्या धक्क्यांनंतर चार वर्षांचं मूल दुसऱ्या फेरीत फक्त रडतं.

चांदोली-कोयना जवळ आहे म्हणून तिकडे वाघासाठी जाऊ नका. तिथला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून आहे, पण दाट जंगल आणि मोजकेच वाघ, त्यामुळे दर्शन जवळजवळ नाहीच. त्यापेक्षा आधी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली बंदिस्त बसमधली व्याघ्र-सिंह सफारी करून बघा (सोमवारी बंद). तिथले प्राणी कुंपणाच्या आत असतात, फेरी छोटी असते, आणि एवढ्या जवळून वाघ बघून मूल घाबरतं की रमतं हे तिथेच कळतं.

ताडोबाचं बुकिंग ऑनलाइन होतं. मंगळवारी बंद, आणि गाभा क्षेत्र (जंगलाचा आतला भाग) जुलै ते सप्टेंबर बंद. मोहर्ली गेट चंद्रपूरहून सर्वात सोयीचं. रत्नागिरीहून पोचायला अख्खा दिवस आणि वर काही तास जातात, म्हणून पोचल्याच्या दिवशी फेरी ठेवू नका. बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात लागतं. मुलांची आधार कार्डंही सोबत ठेवा. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. शक्यतो मुलं असलेल्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर पूर्ण गाडी घ्या, म्हणजे मूल कंटाळल्यावर गाडी वळवायला कुणाची हरकत येत नाही.

बसताना ड्रायव्हरच्या लगेच मागची ओळ पकडा. सर्वात मागची सीट उंच, तिथून दिसतं छान, पण ती मागच्या चाकांवर येते आणि सगळे धक्के तिथेच बसतात. घाटात उलटी होणारी मुलं तिथे हमखास ओकतात. धाकट्याला दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. सीटवर उभं करू नका, गाडीबाहेर उचलून धरू तर कधीच नका. वाघ गाडीकडे एक मोठी वस्तू म्हणून बघतो. तिच्यातून वेगळं, छोटं, हलणारं काही बाहेर आलं की त्याचं लक्ष तिकडे जातं.

मधे वाटेल तिथे उतरता येत नाही. निघण्यापूर्वी शू करवा आणि धाकट्याला डायपर घाला, सुटला असला तरी. आधी पोटभर दूध नको. कोरडी पोळी किंवा चुरमुरे चालतात.

वाडीत बिबट्याने कुत्रं नेल्याच्या गोष्टी ऐकून आपली मुलं आधीच धास्तावलेली असतात. त्यांना काम द्या. वाटेतल्या धुळीत पंजाचे ठसे शोधायला सांगा. वानर खकरलं, चितळ ओरडलं की वाघ-बिबट्या जवळपास असू शकतो, हे आधी समजावून ठेवा आणि कान लावायला लावा. मोबाइल गाभा क्षेत्रात नेताच येत नाही, त्यामुळे तो दाखवून गप्प बसवायचा मार्ग तिथे नाही. मूल रडायला लागलं तर गाइडला लगेच सांगा, तो गाडी बाजूला घेतो.