निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी

चि.
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. संदर्भ विभाग तुझ्याकडे आला आणि त्याच्या जोडीला माळ्यावरची कपाटंही आली, हे वाचून बरं वाटलं. बाहेर 'स्थानिक संग्रह' अशी पाटी आणि आत स्मरणिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, कुणाच्या तरी घरचं मोडी दप्तर, असा गोंधळ असल्याचं तू लिहिलं आहेस. पाटी आहे हेही थोडकं नाही. बहुतेक ठिकाणी त्याला 'अडगळ' म्हणतात. समितीने मार्चअखेर निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी मागितली आहे, म्हणून तुझा प्रश्न: ठेवायचं काय, काढायचं काय?

जुनी गाइडं काढ. स्पर्धा परीक्षांची कालबाह्य पुस्तकं काढ. एकाच कादंबरीच्या पाचपाच प्रती असतील तर त्या काढ. पण गावात छापलेला किंवा गावातल्या माणसांनी आपल्या कामासाठी काढलेला एकही कागद त्या यादीत जाता कामा नये. तू घाबरून जपते आहेस ते गॅझेटिअर गेलं तरी आभाळ कोसळणार नाही. रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा खंड आज घरबसल्या संगणकावर वाचता येतो. आठ पानी अहवाल काढून पुढे अवसायनात गेलेल्या मच्छीमार सोसायटीचा कागद मात्र तुमच्याकडे नसेल तर कुठेच नसतो. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांना पुस्तकांच्या प्रती सरकारात पाठवाव्या लागत, म्हणून निदान पुस्तकांची नोंद तरी राहिली. हँडबिल, पावती, निमंत्रणपत्रिका यांच्या वाटेला असा कायदा आला नाही. त्यांना तारणारा माणूस म्हणजे गावच्या वाचनालयातला कुणीतरी, ज्याने ते वेळेवर टाकून दिलं नाही.

समितीला हे पटणं अवघड जाईल, त्यांचाही सगळा दोष नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांचा अ-ब-क-ड दर्जा आणि अनुदान यांच्या हिशेबात ग्रंथ मोजले जातात, सभासद मोजले जातात. चुरगळलेल्या हँडबिलाला तिथे गुण नाहीत. म्हणून त्यांना भावनेने समजावू नकोस, उदाहरण दे. महाडचं दे, सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणालाच पुरतं ठाऊक नसतं.

२० मार्च १९२७, चवदार तळ्याचा सत्याग्रह, सगळे सांगतात. त्याच्या मागचे कागद बघ. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा अशी ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. तो ठराव मुंबईचा. महाडला त्याचा अर्थ आला तो जानेवारी १९२४ मध्ये, महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला तेव्हा. सत्याग्रह झाला तो त्या ठरावाच्या बळावर. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे तळं खाजगी की नगरपालिकेचं, वहिवाट किती जुनी, यावर दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. म्हणजे देशाच्या इतिहासातल्या एका मोठ्या घटनेच्या दोन्ही टोकांना एका लहान गावाच्या नगरपालिकेची इतिवृत्तं आहेत. सभेला हजर कोण होतं, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात हात कुणी वर केला, हे तिथेच असतं. तुमच्या नगरपालिकेचे जुने छापील वार्षिक अहवाल माळ्यावर असतील तर ते आधी खाली आण.

आणि स्वतःच्या घरातलं विसरू नकोस. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं १८४८ चं, चिपळूणचं १८६४ चं. तुमचं त्यांच्याइतकं जुनं नसेल, पण सभांची इतिवृत्तं, वर्गणीदारांची यादी, पाहुण्यांचं शेरेबुक तुमच्याकडेही असणारच. कोणत्या पेठेतले लोक सभासद होते, कोणत्या वाडीतलं एकही नाव नाही, पहिल्या बाईचं नाव कोणत्या साली आलं आणि ते 'अमक्याचे कुटुंब' असं लिहिलं आहे की स्वतःच्या नावाने, एवढं त्या एका वहीतून निघतं. ती वही लोखंडी कपाटात हवी.

आता हँडबिलांवर साल नसतं ही तुझी तक्रार. खरी आहे. नाटकाच्या जाहिरातीवर 'शनिवार, माघ वद्य पंचमी, रात्रौ ९॥ वाजता' एवढं छापून मंडळी मोकळी होत. त्यांना साल कशाला हवं होतं? प्रयोग येत्या शनिवारी होता. पण कागद हातात घेऊन नीट न्याहाळलास तर तो बराच बोलतो. तिकीट आण्यांत आहे का? मग बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नवे पैसे' छापलं असेल तर आणखी बरं, तो शब्द १९५७ ते १९६४ एवढाच सरकारी चलनात होता. (बोलण्यात आणे पुढे कितीतरी वर्षं चालले, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.) पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. आपल्याकडे तर जिल्ह्याचं नावही कामाला येतं: 'जि. कुलाबा' म्हणजे १९८१ च्या आधी, कारण त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कुलाब्याचा रायगड झाला. कुडाळ, मालवण, सावंतवाडीच्या पुढे 'जि. रत्नागिरी' दिसलं तर १ मे १९८१ च्या आधी, सिंधुदुर्ग त्या दिवशी वेगळा झाला. मग उरलेल्या वर्षांची पंचांगं काढायची आणि माघ वद्य पंचमी शनिवारी कोणत्या वर्षी पडली ते बघायचं. तळाशी बारीक टायपात छापखान्याचं नाव असतं, तेही टिपून घे. छापखाना कधी निघाला आणि कधी बंद झाला हे गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. मात्र असं काढलेलं साल चौकोनी कंसात लिही आणि शेजारी कशावरून काढलं ते लिही. छापील साल आणि आपण लावलेलं साल यांची सरमिसळ झाली की पुढचा अभ्यासक फसलाच.

मोडी दप्तराचं म्हणशील तर वाचता येत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग चालतात, जमेल तेव्हा कर. तोवर निदान साल काढायला शीक. कागदाच्या डोक्याशी 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काही दिसेल. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार: झाले ११६१. हा शुहूर सन, मराठेशाहीतल्या कागदांवरची कालगणना, मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, सुरू होतो. मृग ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत असेल तर ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपतचं साल. असे वीसेक अरबी संख्याशब्द मोडीत ओळखता आले की सबंध रुमालाची, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याची, साधारण कालानुक्रमे यादी करता येते, बाकी एक ओळही न वाचता.

पण यादी कर, क्रम मोडू नकोस! हे मी ओरडून सांगतो आहे असं समज. रुमालात कागद ज्या क्रमाने बांधले आहेत तो क्रमही माहितीच आहे. जमिनीच्या तंट्याचे कागद आणि लग्नाची याद एकत्र बांधली असेल तर त्याला बहुतेक वेळा कारण असतं, ती जमीन लग्नात गहाण पडलेली असते. आपल्याला ग्रंथालयशास्त्रात विषयवार लावायची सवय लागते, सगळं ९५४.७९२ या महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वर्गांकावर टाकलं की काम झालं असं वाटतं. पुस्तकांना ते ठीक. दप्तराला एका घरचं म्हणून एकत्रच ठेवायचं, नाव त्या घराचं, आणि आतल्या कागदांना नुसते क्रमांक.

दाखल नोंदवहीत अशा कागदांसाठी एक वेगळा रकाना कर: कुठून आला. कुणी दिला, कोणत्या आळीतलं घर, कागद त्या घरात कसा आला, वाडा पाडताना सापडला की रद्दीवाल्याकडून सोडवला. देणारा माणूस पायरीवर उभा राहून बोलत असतो तेव्हाच हे लिहून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत. आठवड्याने तो विसरतो, दहा वर्षांनी तो नसतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले ते गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून कागद उतरवून. त्यांची कित्येक मतं पुढच्या संशोधकांनी खोडून काढली. पण कागद छापलेले आहेत, कुठले ते सांगितलेलं आहे, म्हणून ते खंड आजही लागतात. देणाऱ्याकडून एक साधं पत्रही घे, कायमचं दिलं की नुसतं ठेवायला दिलं याचं. त्यावरून पुढच्या पिढीत भांडणं होतात.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीच असेल, तरी लिहितो. माळ्यावर आहे ते वाडेवाल्यांचं आहे. कुलवृत्तान्त आहेत ते ज्यांना छापता आले त्यांचे. बौद्धवाडीतल्या जयंतीची पत्रकं, जलशाच्या पदांच्या चोपड्या, खारवीवाड्यातल्या होळीचे हिशेब, मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांच्या ग्रामस्थ मंडळांच्या पावत्या, यातलं तुमच्या कपाटात काय आहे? नसेल तर ते आपोआप येणार नाही. वाचनालयाची पायरी चढायची सवय सगळ्यांना सारखी लागलेली नाही. तुलाच जावं लागेल. कागद द्यायला लोक कचरतात, आणि कचरावं अशी कारणं त्यांच्याकडे आहेत. अशा वेळी मूळ त्यांच्याकडेच राहू दे, तू तिथेच बसून मोबाइलवर नीट फोटो घे, नोंद कर आणि एक छापील प्रत त्यांना नेऊन दे.

कुणबी नोंदी शोधणारे लोक तुमच्याकडेही येत असतील. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी वाचता येणाऱ्याला अचानक भाव आला आहे. त्यांना उडवून लावू नकोस आणि खोटी आशाही दाखवू नकोस. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुधा तहसीलमधल्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल बुकात, किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मिळतो, आपल्याकडे नव्हे. कुठे जायचं, काय मागायचं, हे एका कागदावर छापून टेबलावर ठेव. आणि कुणाच्या घरच्या कागदात दुसऱ्याच घराची काही नाजूक नोंद निघाली तर ती चारचौघांत वाचून दाखवायची नाही.

जपणुकीबद्दल थोडक्यात. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, स्टेपलर नाही. वाचनालयाचा गोल शिक्का मजकुरावर मारायची आपल्याकडे फार हौस. मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक पुरे. डांबरगोळ्यांनी वाळवी जात नाही, वाचकाला शिंका मात्र येतात. जुन्नरी कागद, म्हणजे जुन्या दप्तरांतला हातकागद, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल, खरी चिंता कर ती गेल्या शंभर वर्षांतल्या वर्तमानपत्री कागदाची. तो हात लावला की पापडासारखा तुटतो. स्कॅनिंगची सुरुवात तिथून कर, देखण्या पोथ्यांपासून नको. पोथ्यांचे फोटो काढायला सगळे येतात.

आणि पाणी. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ ला पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा शिरलं. मोडी कागदावरची काजळाची शाई शेकडो वर्षं फिकी पडत नाही, पण भिजली की पसरते आणि मग अक्षर गेलं. तुमचा माळा पुरापासून वाचेल, पण कौलं गळतात हे तूच लिहिलं आहेस. पन्हळीखालचं कपाट मृगाआधी भिंतीपासून हलव, वर ताडपत्री घाल आणि तळाचा खण रिकामा ठेव. यादीची एक प्रत वाचनालयाबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावात असू दे. माझ्याकडे पाठवलीस तरी चालेल.

समितीची सभा कधी आहे ते कळव. निर्लेखनाच्या यादीचा कच्चा मसुदाही पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

कळावे,
काका