वाचकांचे प्रश्न : शिवणयंत्र आणि यंत्रावरचे भरतकाम

प्रश्न : मला घरी कपडे शिवायला शिकायचे आहे आणि यंत्रावरचे भरतकामही करायचे आहे. दोन्ही कामे करणारे एकच यंत्र घ्यावे काय?

उत्तर : ज्यांनी अद्याप सरळ टीपही मारलेली नाही, त्यांनी आधी साधे शिवणयंत्र घ्यावे, असे आमचे मत आहे. जोडयंत्राने जागा वाचते हे खरे, परंतु दाट आणि मोठी नक्षी भरून होण्यास तासाहून अधिक वेळ लागू शकतो आणि तोवर शिवण थांबून राहते. शिवाय भरतकाम साध्या यंत्रावरही होते. कापड पुढे सरकवणारे दाते खाली घ्यावेत किंवा झाकावेत, भरतकामाचा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) लावावा आणि रिंगमध्ये, म्हणजे कापड ताठ धरणाऱ्या चौकटीत, बसवलेले कापड दोन्ही हातांनी फिरवावे. येथे टाक्याची लांबी यंत्राऐवजी तुमचा हात ठरवतो, त्यामुळे पहिले काही दिवस टाके कुठे लांब, कुठे दाट पडतील. त्याने खचून जाऊ नये.

पुढे संगणकीय भरतकामयंत्र घ्यायचे झाल्यास, आत किती नक्ष्या भरून दिल्या आहेत याच्या जाहिरातीला भुलू नये. त्यातील बहुतेक आपण एकदाही वापरत नाही. रिंगचा आकार मात्र अवश्य पाहावा, कारण रिंग लहान, समजा 100 × 100 मिलिमीटर क्षेत्राची असेल, तर तिच्यात न मावणारी नक्षी तुकड्यांत भरावी लागते आणि ते तुकडे नेमके जुळवणे सरावलेल्यांनाही जड जाते. यंत्र नक्षीची कोणत्या प्रकारची फाइल वाचते, हेही विचारून घ्यावे. डीएसटी प्रकारच्या फाइलमध्ये धाग्यांचे रंग साठवलेले नसतात, केवळ रंग बदलण्याचे थांबे असतात. त्यामुळे पडद्यावर हिरवे गुलाब आणि निळी पाने दिसली तर फाइल बिघडली असे समजू नये.

प्रश्न : टी-शर्टवर संगणकीय यंत्राने फूल भरले. रिंगमध्ये असेपर्यंत ते सुबक दिसत होते, पण रिंग काढताच भोवती चुण्या पडल्या आणि फुलाचा गोल मध्यभाग लंबगोल झाला. धाग्याचा ताण कमी करूनही फरक पडला नाही. असे का होते?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून दोष धाग्याच्या ताणात नसून कापडाच्या ताणात दिसतो. टी-शर्टचे कापड विणीचे, म्हणजे स्वेटरसारखे फासे गुंफून केलेले, असल्याने ते ताणले जाते. आपण ते ढोलाच्या कातड्यासारखे घट्ट ओढून रिंगमध्ये बसवतो, त्या ताणलेल्या अवस्थेत हजारो टाके पडतात आणि रिंग निघताच कापड मूळ मापावर येऊ पाहते. टाके आकसत नाहीत, म्हणून जास्तीचे कापड चुण्यांच्या रूपाने नक्षीभोवती गोळा होते. यासाठी रिंगमध्ये केवळ स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाखालचा आधार, घट्ट बसवावा आणि टी-शर्ट त्यावर तात्पुरत्या चिकटणाऱ्या फवाऱ्याने, जराही न ओढता, अलगद पसरावा.

आधाराची निवडही येथेच चुकते. फाडून काढायचा आधार न ताणणाऱ्या सुती कापडाला चालतो; विणीच्या कापडाला मात्र कापून काढायचाच घ्यावा, कारण नक्षीमागे उरलेला त्याचा भाग पुढच्या धुलाईतही टाके सावरून धरतो. सुई गोल टोकाची, 75 क्रमांकाची घ्यावी. हा क्रमांक म्हणजे सुईची जाडी, 0.75 मिलिमीटर. टोकदार सुई विणीचे फासे तोडते आणि ती भोके धुतल्यावर मोठी होतात.

गोलाचा लंबगोल होण्याचे आणखी एक कारण आहे. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने तो कापड आत ओढतो, म्हणून नक्षी तयार करणारे जाणकार त्या दिशेने आकार मुद्दाम किंचित रुंद ठेवतात आणि मुख्य टाक्यांखाली विरळ टाक्यांचा पाया घालतात. ही नक्षी तुम्ही लहान करून घेतली होती काय? टाक्यांची संख्या तीच ठेवून आकार घटवला, तर नेहमी सुमारे 0.4 मिलिमीटर अंतरावर पडणाऱ्या ओळी एकमेकींवर दाटतात आणि नक्षी पुठ्ठ्यासारखी कडक होते. आकार बदलताना टाके नव्याने मोजणारे सॉफ्टवेअर वापरावे.

प्रश्न : कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) दोनदा बदलली, तरी तेच.

उत्तर : गुंता खाली दिसत असला तरी बहुधा कारण वर असते. फूट खाली असताना दोरा ओवला, तर वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असल्याने तो त्यांच्यात बसत नाही आणि सैल राहिलेला वरचा दोरा खाली गोळा होतो. वरचा दोरा पूर्ण काढून, फूट उचलून, पुन्हा ओवावा. पहिले दोन-तीन टाके घालताना दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवावीत. एवढे करूनही गुंता झाला, तर सुई बदलून पाहावी आणि बॉबिनच्या खोबणीत साठलेला तंतूंचा कचरा ब्रशने काढावा. फुंकर मारू नये, त्याने तो आणखी आत जातो.