शाडूची पिशवी श्रावणापर्यंत बंद का?

पत्र : मी 39 वर्षांची, ढोकाळीला राहते, नोकरी करते. 2023 मध्ये एका दिवसाच्या कार्यशाळेत शाडूचा गणपती करायला शिकले आणि तेव्हापासून घरचा गणपती मीच करते. पहिला 8 इंचांचा, छान झाला. दुसऱ्या वर्षी 11 इंचांचा केला, तर आदल्या दिवशी डावा हात गळून पडला. इन्स्टंट ग्लूने चिकटवला. गेल्या वर्षी 14 इंचांचा केला. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हा घेतला करायला. हात मजबूत राहावेत म्हणून आत तार घातली, रात्रंदिवस पंख्याखाली ठेवला, तरी हरितालिकेच्या संध्याकाळी मानेला तडा गेला. नवऱ्याने धावतपळत जांभळी नाक्यावरून मूर्ती आणली. या वर्षी त्याने मला न विचारता आमचा पाट कारखान्यात नेऊन दिला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई." मला रडूच कोसळलं. एरवी ऑफिस, घर, मुलाचा अभ्यास यातून वेळ मिळत नाही, उरलेली शाडू पलंगाच्या ड्रॉवरमध्ये पडून असते, श्रावणात पिशवी उघडते. पण स्वतःसाठी म्हणून मी एवढी एकच गोष्ट करते. माझ्या छंदाची घरात कुणाला किंमत नाही. भांडून पाट परत आणू की नादच सोडू?
— श., ठाणे

उत्तर : पाट परत आणू नका. नादही सोडू नका. तुमचे दोन्ही प्रश्न संपले.

तुमच्या पत्रात नवरा आहे, सासूबाई आहेत, रडू आहे. मी मात्र अडकले ते तुम्ही जाता जाता टाकलेल्या ओळीवर. शाडू ड्रॉवरमध्ये पडून असते आणि श्रावणात पिशवी उघडते. म्हणजे वर्षाचे अकरा महिने तुमचा मातीला हातही लागत नाही. तीन वर्षांत तुम्ही तीन गणपती केलेत. सरावाचा एकही नाही, तिन्ही थेट पूजेचे, घरचे सगळे बघत असताना आणि चतुर्थी दारात आलेली असताना. पेणच्या कारखान्यात नवा पोरगा लागला तर तो आधी माती मळतो, साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या शिवणी घासतो. आखणी, म्हणजे डोळे रेखणं, ही तर फार पुढची गोष्ट. तुम्ही एका दिवसाच्या कार्यशाळेनंतर थेट पाटावर बसवायची मूर्ती करायला बसलात, आणि ती तडकली की घरच्यांवर रुसलात.

नवऱ्याने पाट दिला ते उत्तम केलं. हरितालिकेच्या संध्याकाळी जांभळी नाक्याच्या गर्दीत शिरून मिळेल ती मूर्ती उचलून आणलेला माणूस पुढच्या वर्षी आधीच सोय करतो, यात तुमचा अपमान कसला? खंडित मूर्तीची पूजा आपण करत नाही. सासूबाईंना प्रतिष्ठापनेच्या सकाळी धडधाकट मूर्ती हवी आहे, आणि गेली दोन वर्षं त्यांचा जीव टांगणीला लागलेला आहे. "बरं झालं बाई" हे त्या मानाने फारच सौम्य झालं.

आता 8, 11, 14 या आकड्यांबद्दल. दर वर्षी तीन इंच कुणी वाढवायला सांगितले होते? उंची दुप्पट झाली की माती आठपट लागते. 8 वरून 14 वर गेलात म्हणजे मूर्तीचं वजन पाचपटीहून जास्त झालं, पण ते पेलणाऱ्या मानेची आणि खांद्याची जाडी क्षेत्रफळात जेमतेम तिप्पट. पहिला गणपती छान झाला कारण तो लहान होता. तुमचा हात तेव्हा जेवढा तयार होता तेवढाच आजही आहे, ओझं तेवढं वाढलं.

आणि तडा का गेला, तेही ऐका, कारण तुम्ही केलेला प्रत्येक उपाय तडा जाण्यासाठीच केल्यासारखा आहे. शाडू सुकताना आक्रसते. सगळीकडून सारखी सुकली तर सारखी आक्रसते आणि काही बिघडत नाही. बाहेरचं कवच आधी सुकलं आणि गाभा ओला राहिला, तर कवचाला आक्रसायला जागाच मिळत नाही आणि ते फाटतं. पंखा नेमकं हेच करतो, तेही एकाच बाजूने. 14 इंचांच्या भरीव मूर्तीचं पोट ठाण्याच्या ऑगस्टमधल्या दमट हवेत दहा दिवसांत सुकणं शक्यच नव्हतं. तुम्ही रंगवलीत तेव्हा ती आतून ओलीच होती. तार तर आक्रसतच नाही. मातीचा हात तिच्याभोवती आवळत जातो आणि शेवटी उकलतो, शिवाय तार गंजते. इन्स्टंट ग्लूने चिकटलं असं वाटतं, पण तो धरतो फक्त वरच्या भुकटीला. भुकटी सुटली की हात पुन्हा खाली.

या वर्षी अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी लांबली, 14 सप्टेंबरला आहे. येत्या रविवारपासून मोजलं तर दहा रविवार हातात आहेत. शेवटचा घर आवरण्यात जाईल, तो सोडून द्या. उरलेल्या प्रत्येक रविवारी एक गणपती करायचा, 4 इंचांचा, भरीव, बिनरंगाचा. सुकला की बघायचा, कुठे तडकला ते लिहून ठेवायचं आणि बादलीत टाकायचा. माझं सांगणं एवढंच आहे.

टाकायचा म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा येईल. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती असते, आणि शाडूचं सगळ्यात मोठं सुख हेच की ती भाजलेली नसते, पाण्यात ठेवली की परत माती होते. प्लास्टर एकदा घट्ट झालं की झालं, तिथे दुसरी संधी नाही. तरीही मन धजत नसेल तर पहिले दोन रविवार नुसते उंदीर करा. कान, पाय आणि शेपटी जोडण्यात तेच सगळं शिकायला मिळतं.

दोन किलो कोरडी शाडू घ्या. ड्रॉवरमध्ये गाठी झाल्या असतील तर काही बिघडलेलं नाही, फोडून चाळा. पसरट टबात आधी पाणी घ्या आणि त्यावर शाडू मुठीमुठीने भुरभुरवा, कोरड्या शाडूवर पाणी ओतू नका, आत कोरडे गोळे राहतात. रात्रभर ढवळायचं नाही. सकाळी वर आलेलं पाणी ओतून टाका आणि खालचा गाळ जुन्या सुती चादरीवर पसरा. पावसाळ्यात मळण्याजोगी व्हायला एक-दोन दिवस लागतात. झाली की नाही हे ओळखायचं असं : पेन्सिलीएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. बाहेरच्या बाजूने भेगा पडल्या तर कोरडी आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बोटाला चिकटली तर अजून थांबा. मळलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून घट्ट बंद पिशवीत ठेवा. ती महिनाभर राहते, उलट मुरते.

4 इंचांच्या मूर्तीला अर्धा किलो मळलेली माती पुरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला : बैठक 80 ग्रॅम, पोट 180, दोन मांड्या मिळून 100, डोकं 70, चारही हात मिळून 40, सोंड आणि कान 30. दर वेळी हेच वजन ठेवा, म्हणजे बिघडलं तर आकारामुळे बिघडलं की जोडण्यामुळे, ते कळेल. बैठकीखाली वर्तमानपत्र घाला. पाटाला थेट चिकटलेली माती सुकताना सरकू शकत नाही आणि तळालाच भेग पडते.

बैठक, मांड्या, पोट एवढं शनिवारी रात्री करून पिशवीने सैलसर झाका. रविवारी सकाळपर्यंत माती थोडी ताठ होते, मग वरचं डोकं पेलते. तुम्ही ओल्या पोटावर ओलं डोकं आणि त्यावर मुकुट ठेवत असणार. गणपतीला तशी मान नसतेच. डोकं सरळ खांद्यांवर बसवा आणि सोंड पोटावर टेकवा, म्हणजे पुढचा भार सोंडेने पोटावर उतरतो. गेल्या वर्षी मान उंच केली होती का, फोटो काढून बघा.

आता जोड, कारण तुमचा हात पडला तो इथे. थोडी शाडू पाण्यात कालवून लापशी करा, घट्ट, बोटावर घेतली तर ओघळणार नाही इतपत. खांदा आणि हात, दोन्हींवर काट्याने आडवे-उभे ओरखडे काढा, दोन्हीकडे लापशी लावा, हात किंचित घासत दाबून बसवा, लापशी कडेने बाहेर आली पाहिजे. मग शिवणीवर बारीक वळी दाबून ती बोटाने मिटवा. नुसतं पाणी लावून जोडलेलं कधीच टिकत नाही. दोन्ही भाग सारखे ओले हवेत, सुकलेल्या खांद्याला ओला हात लावलात तर तो आक्रसून सुटणारच. हाताचं मूळ जाड ठेवा, पंजाकडे निमुळता करत जा. मोदकाचा हात मांडीवर टेकवा, मागचे दोन हात कानांच्या मागे चिकटवा. हवेत अधांतरी राहणारा एकच हात ठेवा, आशीर्वादाचा, तोही छातीपासून फार लांब नको. तारेची गरज तिथेच संपते.

सुकवायचं सावलीत, घरात, पंखा बंद. पहिले दोन दिवस पिशवी सैल टाकलेली, मग उघडा. रोज एकदा अलगद फिरवा, नाहीतर खिडकीकडची बाजू पुढे जाते. एवढ्या मूर्तीला पावसाळ्यात आठवडाभर द्या. काळपट करडा रंग जाऊन सगळीकडे फिकट झाला की सुकली असं वाटतं, पण गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे. ही कसोटी रंगवायच्या आधीचीही आहे. ओल्या मूर्तीवर रंग चढवला की ओल आत कोंडते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

खरी परीक्षा बादलीत होते. पूर्ण सुकलेला गणपती पाण्यात ठेवला की बुडबुडे सोडत काही तासांत खाली बसतो, मऊ गाळ होतो. आतून ओला असेल तर वरची माती गळते आणि मधली गाठ दुसऱ्या दिवशीही तशीच हाताला लागते. एखादा मुद्दाम चौथ्या दिवशी टाकून बघा. गेल्या वर्षी मानेच्या आत काय होतं, ते तुम्हाला हातात धरून कळेल. दोन किलोंत पाच होतात, सहाव्याच्या वेळी पहिल्याची माती परत आलेली असते, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका. वेळेचंही सांगू नका. शनिवारी रात्री एक तास आणि रविवारी सकाळी दीड, यात मुलाचा अभ्यास बुडत नाही. त्याला 100 ग्रॅम माती द्या, तो त्याचं बघेल.

एक सांभाळा. हात बेसिनमध्ये धुऊ नका. शाडू पाइपच्या वळणात बसते आणि दगड होते, मग सासूबाई जे बोलतील त्याला मी जबाबदार नाही. हात बादलीत धुवायचे, गाळ खाली बसला की वरचं पाणी कुंड्यांना.

नवऱ्याला काही सांगायचंच असेल तर एवढं सांगा की कारखान्यात मूर्ती आणायला मी पण येणार. जा, आणि तिथे रंगाकडे बघत बसू नका. बिनरंगाच्या मूर्ती ठेवल्या असतील तिथे थांबा, खांद्याचे जोड बघा, कानांची जाडी बघा, परवानगी मिळाली तर एखादी उलटी करून तळ बघा, ती आतून किती पोकळ केली आहे ते कळेल. तुम्ही चौदा इंचांची भरीव केली होती, हे तिथल्या कारागिरांना सांगू नका.

पुढच्या वर्षी चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे. तोवर नऊ नाही, वीस-पंचवीस लहान गणपती हातून गेलेले असतील तर घरच्या पूजेची मूर्ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात करायला घ्या. उंची 8 इंच, एक सूतही जास्त नाही. पोट थोडं ताठ झालं की खालून चमच्याने कोरून पोकळ करा, भिंत पाऊण इंचाची ठेवा, आणि तीन आठवडे तिला कुणी हात लावायचा नाही. आज रात्री जेवणं झाली की पलंगाचं ड्रॉवर उघडा आणि दोन किलो शाडू भिजत घाला. शनिवारपर्यंत मळायला येईल.